धुळीचा कण आणि 7 जीईव्ही
मागच्या भागात मी लेपचा नुसता उल्लेख केला होता. आज त्याच्या मुलाम्याची गोष्ट.

1980 च्या दशकात सर्नमध्ये क्रिस्तोफोरो बेनवेनुती यांचं म्हणणं होतं, अख्खी पोकळी नायोबियमची कशाला? तांब्याची करा, आतून जेमतेम दीड मायक्रॉनचा नायोबियमचा थर द्या. स्वस्त पडतं, शिवाय तांबं उष्णता पटकन वाहून नेतं. पण आत निर्वात, आणि अतिवाहक थरावर धुळीचा एखादा कण राहिला, की विद्युतक्षेत्र त्याच्या टोकाशी एकवटतं आणि इलेक्ट्रॉन चक्क बाहेर झिरपतात. याचं गणित फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी 1928 मध्येच मांडलेलं. हे भटके इलेक्ट्रॉन ऊर्जा खातात, भिंत तापवतात, क्ष-किरण सोडतात. मग पोकळी अतिशुद्ध पाण्यानं धुवायची. तरी भागलं नाही तर (हा उपाय माझा लाडका!) आत थोडा हेलियम सोडून ते कण जागच्या जागी निकामी करायचे.

मीटरला 6 मेगाव्होल्ट ठरले होते, सरासरी 7 च्या पुढे गेली. टकरींची ऊर्जा 209 जीईव्हीच्या आसपास पोचली. नोव्हेंबर 2000 मध्ये लेप बंद झालं.

2012 मध्ये त्याच बोगद्यात हिग्ज सापडला, वस्तुमान 125. सोबतचा झेड 91 चा. म्हणजे लेपला साधारण 216 लागले असते.