न्हाणीघरातला अंधार आणि वहीतली नावे

गेल्या रमजानमध्ये मुमानीने मला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला. झाकण गंजलेले, आत बटर पेपरच्या पाकिटांत फोटोंच्या निगेटिव्ह आणि हिशेबाची असते तशी एक लांबट वही. ही माझ्या मामूंची सगळी इस्टेट. मामू सोलापुरात एका मिलमध्ये कारकून होते. १९७१ पासून पुढची सतरा-अठरा वर्षे ते स्वतः फोटो काढत आणि घरातच रोल धुवत. डब्यात ६३ रोल निघाले. ते मोजले, वही वाचली आणि वहीतली एक गोष्ट मनाला लागली. तिच्यापर्यंत येण्यासाठी जरा मागून सुरुवात करतो.

अंधार घरात होता तेव्हा

फोटो काढणे आणि फोटो धुणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे आता मोबाइलच्या काळात सांगावे लागते. कॅमेरा हिंदुस्थानात लवकर आला. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. त्याच सुमारास लखनौमध्ये हुसैनाबाद इमामबाड्याचे दरोगा अहमद अली खान, म्हणजे ‘छोटे मियाँ’, शहरातल्या इंग्रज आणि देशी लोकांचे फोटो काढत होते. १८५७ च्या आधीच्या लखनौचे चेहरे आज आपल्याला दिसतात ते त्यांच्यामुळे. त्या अल्बमना इतिहासाचे साधन म्हणून किंमत आहे, कारण चेहऱ्यांसोबत नावे आहेत. त्यातले कोण पुढे वेढ्यात मेले, हे त्यामुळे सांगता येते.

त्या काळात काचेवर ओले रसायन चढवून फोटो घेण्याची पद्धत रूढ होत होती. काच ओली असतानाच, दहा-पंधरा मिनिटांत, फोटो घेऊन धुवावी लागे. त्यामुळे अंधारी खोली कॅमेऱ्याच्या शेजारीच असायला हवी. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे स्वतः हे काम करत. त्यांनी जनानखान्यातल्या स्त्रियांचे फोटो काढले. ते जमले, कारण फोटो घेणारा आणि अंधारी खोली, दोन्ही महालातलेच होते.

पुढे कोरड्या काचा आल्या. १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा आला. शंभर फोटो काढा, कॅमेरा कंपनीला पाठवा, ते धुऊन छापून परत पाठवतील, अशी ती सोय होती. सोय मोठीच, पण तिच्यामुळे अंधारी खोली घरातून दुकानात गेली. तुमच्या घरातले फोटो तुमच्या आधी कुणीतरी परका माणूस पाहणार, हे ठरून गेले.

पडदा पाळणाऱ्या घरांपुढे ही अडचण खरी होती. हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो मिसेस केनी-लेविक या बाईंकडे सोपवला. हा उपाय अमीर-उमरावांच्या घरांना परवडणारा होता. सोलापूरच्या मिल कारकुनाला नव्हता.

रजईखाली रोल

आमच्या आजोळी फोटोला विरोधच होता. नाना म्हणत, तसवीर असलेल्या घरात रहमतचे फरिश्ते येत नाहीत. आलिमांमध्ये या प्रश्नावर एकमत नव्हते. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी लिहिले होते की, फोटो म्हणजे सावली धरून ठेवणे, ती काही नवी आकृती घडवणे नव्हे. देवबंदचे मुफ्ती मुहम्मद शफी यांनी हे मत मान्य केले नाही. नानांनी यातले काही वाचले नव्हते. हजच्या कागदपत्रांसाठी त्यांना स्वतःचा फोटो द्यावा लागला, त्यानंतर त्यांनी विरोध सोडला. मात्र एक अट घातली : घरातल्या बायकांचा रोल दुकानात धुवायला जाणार नाही.

मामूंच्या छंदाचा उगम या अटीत आहे.

त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता. बडोद्याला बनणारा, मध्यमवर्गाला झेपणारा कॅमेरा. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. त्यात अंतर जुळवण्याची सोय नव्हती, ऊन मात्र भरपूर लागे. म्हणून मामूंच्या फोटोंत सगळे अंगणात आठ-दहा फुटांवर उभे असतात आणि सगळ्यांचे डोळे उन्हाने बारीक झालेले असतात. रोल बहुतेक ‘इंदू’चे, म्हणजे उटीच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स कारखान्यातले.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना ते काम पाहिले आहे. रात्री, सगळ्यांच्या अंघोळी-वजू आटोपल्यावर, न्हाणीघराच्या झरोक्यावर गोधडी लागे. सिनेमात दाखवतात तसा लाल दिवा रोल धुताना चालत नाही, कारण त्या रोलला लाल उजेडही दिसतो. तो फक्त कागदावर छापताना चालतो. म्हणून मामू रजईत दोन्ही हात घालून, केवळ बोटांच्या अंदाजाने रोल सोडवत आणि झाकणबंद डब्यात भरत. पुढचे काम मग उजेडात होई.

औषध ते घरीच बनवत. कोडॅकचा डी-७६ हा जुना नुस्खा वहीच्या पहिल्याच पानावर आहे : एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. त्याखाली मामूंची सूचना आहे, ‘आधी मेटॉल, मग सल्फाइट’. क्रम चुकला की मेटॉल नीट विरघळत नाही. दोन ग्रॅम तोलायला शेजारच्या सोनाराचा काटा यायचा.

खरी अडचण सोलापूरच्या उन्हाळ्याची. या औषधाला साधारण २० अंश तापमान हवे. मे महिन्यात आमच्या नळाचे पाणीच तापलेले असे. अशा पाण्यात रोलवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि सुटतोही. मामू माठातले पाणी घेत, घंगाळात बर्फ टाकत आणि त्यात डबा ठेवत. मग हायपोचे पाणी. त्याने उरलेले चांदीचे क्षार निघून जातात आणि चित्र पक्के होते. शेवटी धुणे. इथे पाणी भरपूर लागते, कारण हायपो मागे राहिला तर निगेटिव्ह पुढे पिवळी पडते आणि चित्र विरते.

डब्यातल्या १९७२ आणि ७३ च्या पाकिटांतल्या निगेटिव्ह इतरांपेक्षा खूप पिवळ्या आहेत. ती दुष्काळाची वर्षे. हंड्या-कळशीने पाणी आणणाऱ्या घरात फोटो धुवायला पाणी कुठून येणार? मामूंनी दुष्काळाचा एकही फोटो काढलेला नाही. पण त्या पिवळेपणाचे कारण पाणीटंचाई असावी, असा माझा अंदाज आहे.

वहीतला रकाना

मामूंची शिस्त कारकुनाची होती. प्रत्येक रोलच्या तीन-तीन फोटोंच्या चार पट्ट्या कापायच्या, बटर पेपरच्या पाकिटात घालायच्या आणि पाकिटावर पेन्सिलीने आकडा लिहायचा. ‘७२/४/७’ म्हणजे १९७२ सालचा चौथा रोल, सातवा फोटो. वहीत त्यापुढे तारीख, जागा आणि ‘कोण’ असा रकाना. या वहीमुळे पन्नास वर्षांनंतरही मला हवा तो फोटो दोन मिनिटांत सापडतो.

पण ‘कोण’ या रकान्यात पुरुषांची पूर्ण नावे आहेत. मिलमधला मित्र, शेजारचे गुरुजी, ताजियाच्या मिरवणुकीतला ढोल वाजवणारा, सगळे नावाने आहेत. बायकांपुढे मात्र लिहिले आहे : ‘घरातील’, ‘मोठ्या भावाकडील’, ‘विजापूरचे पाहुणे (बायका)’. नानींच्या फोटोपुढे ‘आई’ आहे. मुमानीपुढे वहीभर एकच शब्द, ‘घरातील’.

जी अंधारी खोली या बायकांसाठीच उभी राहिली, तिच्या वहीत त्यांचीच नावे नाहीत. यात मामूंना दोष देऊन मोकळे होता येत नाही. नवरा-बायकोने एकमेकांचे नाव न घेण्याची रीत आमच्या मोहल्ल्यात होती तशी पलीकडच्या गल्लीतही होती. तिकडे ते नाव फक्त उखाण्यात यायचे. पण रीत समजून घेतली तरी तोटा भरून येत नाही. मराठी मुसलमानांच्या साध्या घरांबद्दल कागदपत्रे आधीच कमी आहेत. गावकीच्या दप्तरात आणि मिलच्या हजेरीपटात पुरुष सापडतात. बायकांचा पुरावा असतो तो अशाच डब्यांत, आणि नाव नसलेला चेहरा पुढच्या पिढीसाठी केवळ ‘जुन्या काळातली एक बाई’ होऊन राहतो.

शिवाय वेळही थोडा आहे. डबा उघडला तेव्हा व्हिनेगरसारखा आंबट वास आला. निगेटिव्हचा अ‍ॅसिटेटचा पाया कुजू लागला की हा वास येतो. बंद डब्यात ती वाफ कोंडते आणि शेजारच्या पट्ट्याही खराब होतात. मी सगळ्या पट्ट्या बाहेर काढल्या, नव्या कागदी पाकिटांत घातल्या आणि पत्र्याचा डबा रद्द केला.

मग चार दुपारी मुमानीजवळ बसलो. तिला आता एका डोळ्याने कमी दिसते. मी पट्टी खिडकीच्या उजेडात धरायचो, पण काळ्याचे पांढरे झालेले चेहरे तिला ओळखू येईनात. मग मोबाइलवर उलटे करून, मोठे करून दाखवले. ती एकेक नाव सांगत गेली : कोण कुणाची मुलगी, कुठे दिली, कोण बाळंतपणात गेली. अकरा चेहरे तिलाही ओळखता आले नाहीत. दहा वर्षांपूर्वी विचारले असते तर कदाचित आले असते.

स्वतःचा फोटो आला तेव्हा ती हसली. “मेरा नाम उनो कब्बी लिए नै,” म्हणाली. मी वहीत ‘घरातील’ या शब्दापुढे तिचे नाव लिहिले आणि तिला वाचून दाखवले. हे फोटो लोकांपुढे मांडावेत असे माझ्या मनात होते. तिने पट्टी परत पाकिटात घातली. “लिख ले बेटा, पर दिखा नक्को.”

अभ्यासक म्हणून मला ते जड गेले. पण हे फोटो परक्याने पाहू नयेत म्हणूनच घरी धुतले गेले होते आणि त्यातल्या बहुतेकींना आता विचारता येणार नाही. जिला विचारता येते तिने उत्तर दिले आहे. म्हणून या लेखासोबत एकही फोटो नाही आणि तिचे नावही इथे नाही. वहीत मात्र आता ‘कोण’ हा रकाना, अकरा जागा सोडून, भरलेला आहे.

तुमच्याही घरात असा डबा असेल. फोटो कुणाला दाखवायचे, हे नंतर ठरवता येईल. नावे सांगणारे माणूस घरात आहे तोवर पेन्सिल घेऊन बसा.