यशवंतगड व आंबोळगड

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात, अर्जुना नदी जैतापूरच्या खाडीवाटे सागरास मिळते त्या मुखाच्या उत्तर अंगाचे दोन भग्न दुर्ग. पहिला नाटे येथे खाडीवरच्या टेकाडावर, दुसरा तेथून पश्चिमेस, थेट समुद्रकाठी. दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो. कारण एकाची नजर दर्यावर, तर दुसऱ्याची खाडीतून राजापूरच्या पेठेकडे जाणाऱ्या गलबतांवर, आणि त्या पेठेची जकात हेच दोघांच्याही अस्तित्वाचे खरे कारण होते.

यशवंतगड विजापूरकरांच्या अमदानीतला मानतात. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरास दारूगोळा पुरविणाऱ्या इंग्रजांची राजापूरची वखार शिवाजी महाराजांनी १६६१ साली लुटली, तेव्हापासून या खाडीला मराठ्यांच्या राजकारणात महत्त्व आले. पुढे १७१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथाने कान्होजी आंग्र्यांशी केलेल्या तहात आंग्र्यांकडे राहिलेल्या जलदुर्गांच्या यादीत यशवंतगडाचे नाव येते. १७५६ साली विजयदुर्ग पडून तुळाजी आंग्रे कैद झाल्यावर हा किनारा पेशव्यांच्या अमलाखाली गेला, व १८१८ साली कर्नल इमलाकने दोन्ही ठाणी कंपनी सरकारच्या हवाली करून घेतली. १८१९ साली जनरल कीरने तोफा डागून घेतला तो यशवंतगड मात्र रेडीचा. नामसाम्यामुळे जाणत्यांचीही येथे गफलत होते.

यशवंतगडाचे बालेकिल्ला व पडकोट असे दोन भाग असून जमिनीकडच्या बाजूस कातळात खंदक खोदलेला आहे. बांधकाम जांभ्याचे. ताजा चिरा कुऱ्हाडीने तासता येतो, पण वारा लागला की तो टणक होत जातो; त्या सच्छिद्र अंगात आता पावसाळ्यागणिक शेवाळ आणि रानझुडपे रुजतात. आंबोळगड त्या मानाने फारच आटोपशीर, इतका की त्यास गढी म्हणावे. उत्तर व पश्चिम अंगांस समुद्र, उरलेल्या दोहोंस खंदक.

खाडी गाळाने भरत गेली, मोठी गलबते राजापूरच्या धक्क्याला लागेनाशी झाली आणि पेठेबरोबर पहारेकऱ्यांचेही काम संपले. १८६२ पर्यंत आंबोळगडावर शिबंदी उरली नव्हती, पाणीही नव्हते.