कृत्रिम बुद्धिमत्ता आणि बुद्धीची उतरंड

कृत्रिम बुद्धिमत्तेवर जिथे तिथे लिहिले जाते आहे आणि प्रत्येक लेखात तिचे तीन प्रकार हटकून सांगितले जातात. पहिली मर्यादित, म्हणजे बुद्धिबळ खेळणे किंवा चेहरा ओळखणे असे एखादेच काम करणारी. दुसरी सर्वसाधारण, म्हणजे माणसाला जमते ते सगळे जमणारी. तिसरी महाबुद्धिमत्ता, साऱ्या मानवजातीला मागे टाकणारी. पहिली आलीच आहे, दुसरी दारात उभी आहे, तिसरी परवा येईल, असा एकूण सूर असतो. आमचा यावर साधा प्रश्न आहे. बुद्धीच्या या पायऱ्या कोणी पाडल्या? 'डोक्याचे काम तुमचे नव्हे' असे ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना ऐकवले गेले, त्यांनी तरी हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हा इतिहास संगणकाच्या कितीतरी आधी सुरू होतो. क्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये, १७९० च्या दशकात, गास्पार द प्रोनी या अभियंत्यावर लॉगॅरिदमची प्रचंड कोष्टके तयार करण्याची जबाबदारी आली. एका माणसाच्या आयुष्यात उरकणारे हे काम नव्हते. प्रोनीने ॲडम स्मिथचा १७७६ चा ग्रंथ वाचला होता. टाचणी बनवण्याचे काम तुकड्यांत वाटले की उत्पादन कसे वाढते, हे त्यात होते. तीच रीत त्याने गणिताला लावली आणि माणसांचे तीन थर केले. वर पाच-सहा मोठे गणिती, ते सूत्रे ठरवणार. मध्ये सात-आठ जाणकार, ते सूत्रांचे आकडे करून देणार. तळाला साठ ते ऐंशी माणसे, त्यांनी फक्त बेरीज आणि वजाबाकी करायची.

चार्ल्स बॅबेजने १८३२ च्या आपल्या पुस्तकात या कामाचे वर्णन केले आहे. त्यात एक गंमत आहे. तळाच्या थरातल्या बहुतेकांना बेरीज-वजाबाकीपलीकडे गणित येत नव्हते आणि त्यांचीच आकडेमोड जास्त बिनचूक निघत होती, असे तो नोंदवतो. यातून बॅबेजने काय निष्कर्ष काढावा? हे काम विचार न करता होते, तर ते यंत्राकडे द्यावे. त्याचे आकडेमोडीचे यंत्र या तिसऱ्या थराच्या जागी बसवण्यासाठी होते. यांत्रिक बुद्धीची कल्पना अशी माणसांच्या उतरंडीतून जन्माला आली आहे. आधी माणसाला यंत्र केले, मग यंत्राला माणसाची जागा दिली.

पुढे १९३६ साली ॲलन ट्युरिंगने ज्या निबंधातून आधुनिक संगणकाचा पाया घातला, त्यातल्या काल्पनिक यंत्राचा नमुना कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करणारा कारकूनच होता. त्या काळी इंग्रजीत 'कॉम्प्युटर' म्हणजे हिशेब करणारा माणूस, आणि पुष्कळदा बाई. त्याच १९३६ साली बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' प्रसिद्ध केले. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली, हा त्यातला मुद्दा आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. प्रोनीच्या तीन थरांना तो लावून बघा. पॅरिसमध्ये थर जन्माने ठरत नव्हते, हा फरक मोठा आहे आणि तो आम्ही पुसत नाही. पण कोणाला डोके आहे आणि कोणाला फक्त हात, हे वरचा थरच ठरवतो, ही रीत दोन्हीकडे एकच.

बुद्धी मोजण्याचा उद्योगही असाच वरून आला. फ्रान्सिस गाल्टनने १८६९ साली प्रतिभा रक्तातून उतरते असे मांडले आणि पुढे 'युजेनिक्स' म्हणजे सुप्रजननशास्त्र हा शब्दही त्यानेच घडवला. आल्फ्रेड बिने याने १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. अमेरिकेत लुईस टर्मनने १९१६ मध्ये तिचे रूप बदलले. तो स्वतः सुप्रजननवादी होता. मदतीची चाचणी माणसांची प्रतवारी लावणारी पट्टी झाली. महाबुद्धिमत्तेची चर्चा आज याच पट्टीवर उभी आहे. बुद्धी एकाच रेषेत मोजता येते, त्या रेषेवर कोणी खाली तर कोणी वर असतो आणि जो वर त्याने राज्य करावे, हे आधी मान्य केले तरच यंत्र त्या रेषेवर माणसाच्या पुढे गेले असे म्हणता येते.

'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव १९५५ मधल्या एका प्रस्तावात पुढे आले. जॉन मॅकार्थी आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी रॉकफेलर फाउंडेशनकडे १३,५०० डॉलर मागितले. दहा माणसे, दोन महिने, आणि या प्रश्नात मोठी मजल मारू असा भरवसा! परिषद १९५६ च्या उन्हाळ्यात डार्टमथला झाली. (त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात काय घडले हे आपल्या वाचकांना सांगायला नको. माणूस घडवण्याच्या दोन कल्पना एकाच वर्षातल्या.) १९६५ साली हर्बर्ट सायमनने लिहिले, वीस वर्षांत माणसाचे कोणतेही काम यंत्र करील. १९८५ आले आणि गेले. दरम्यान १९७३ च्या लाइटहिल अहवालानंतर ब्रिटनमध्ये या संशोधनाचा पैसाच आटला होता.

महाबुद्धिमत्तेचे भाकीतही १९६५ चेच. ट्युरिंगचा युद्धकाळातला सहकारी आय. जे. गुड याने मांडले की माणसाहून हुशार यंत्र आणखी हुशार यंत्र बनवील, ते त्याहून हुशार, आणि मग बुद्धीचा स्फोट होईल. असे पहिले यंत्र हा माणसाने लावायचा शेवटचा शोध ठरेल, मात्र ते आज्ञाधारक असले पाहिजे, अशी त्याची अट होती. मालकाची सगळी काळजी या अटीत आहे. हुशार तर हवा, पण ताब्यात राहिला पाहिजे.

यंत्रे खरोखर पुढे गेली ती विदेच्या जोरावर. २००९ मध्ये मांडलेल्या 'इमेजनेट' या चित्रसंग्रहावर २०१२ साली संगणकाची नजर एकदम सुधारली. त्या सव्वा कोटीहून अधिक चित्रांना नावे कोणी दिली? १६७ देशांतल्या सुमारे ४९ हजार माणसांनी, ॲमेझॉनच्या 'मेकॅनिकल टर्क' या मंचावर, तुकड्याच्या दराने. हे नाव १७७० मधल्या एका बुद्धिबळ खेळणाऱ्या 'यंत्रा'वरून घेतलेले आहे. त्या पेटीत माणूस लपवलेला असे. नाव ठेवणाऱ्यांचा प्रामाणिकपणा मानलाच पाहिजे. 'टाइम'ने जानेवारी २०२३ मध्ये उघड केले की चॅटजीपीटीची भाषा स्वच्छ करण्यासाठी केनियातल्या कामगारांनी ताशी दोन डॉलरहून कमी हातात पडत असताना अत्याचाराची किळसवाणी वर्णने वाचून त्यांना शेरे दिले. घाण उपसणारा वेगळा आणि स्वच्छतेचे श्रेय घेणारा वेगळा. हे चित्र आपल्याला नवे आहे का?

चळवळीतले काही मित्र यावर म्हणतात, मग या यंत्रावर बहिष्कार घाला. आम्हाला हे पटत नाही. गांधीवादाची चिकित्सा करताना १९४५ मध्ये बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली होती. माणसाला पशूच्या जिण्यातून सोडवून फुरसत आणि संस्कृती द्यायची तर यंत्र लागणारच. यंत्रापासून जी हानी होते तिचा दोष त्यांनी खासगी मालकी आणि नफा पवित्र मानणाऱ्या समाजरचनेवर ठेवला. चरख्याकडे परत जा, हा सल्ला ज्यांना हातमागावर आणि मैल्याच्या टोपलीखाली ठेवायचे होते त्यांच्यासाठीच होता.

म्हणून महाबुद्धिमत्ता कधी येणार या वादात आपली शक्ती घालवण्याचे कारण नाही. मर्यादित प्रकारातले, नोंदी जुळवणारे साधे यंत्रही गरिबाच्या ताटापर्यंत पोहोचले आहे. तेलंगणात 'समग्र वेदिका' नावाची प्रणाली वापरून लाभार्थी तपासले गेले. मोटार नसलेल्या घराच्या नावावर मोटार दाखवली गेली, रेशनकार्डे पूर्वसूचना न देता रद्द झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये रद्द झालेल्या कार्डांची प्रत्यक्ष फेरतपासणी करण्याचा आदेश राज्याला मिळाला. माणूस पाठवून तपासा, असे यंत्राच्या निकालावर न्यायालयाला सांगावे लागले. आपल्या वस्तीत ज्याचे कार्ड, पेन्शन किंवा शिष्यवृत्ती अशी अचानक बंद होते, त्याने पहिल्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा: निर्णय कोणत्या प्रणालीने दिला, कोणत्या नोंदीवरून दिला, आणि त्यावर कोणत्या अधिकाऱ्याची सही आहे.