फोटोतले लुगडे

दिवाळीत घरची सगळी माणसे एका छपराखाली आली आणि नवे कपडे अंगावर चढले, की कोणी ना कोणी म्हणतेच, ‘चला, एक फोटो होऊन जाऊ द्या.’ आता खिशातून फोन निघतो आणि काम उरकते. पण फोटो जन्मात एखाद्या वेळीच निघे त्या काळी ‘काय नेसावे, काय घालावे’ या प्रश्नाचा खल चार-चार दिवस चाले. मला जुने ग्रुप-फोटो पाहण्याचा नाद आहे. इतर लोक त्यांत चेहरे पाहतात; मी कपडे पाहतो. नाक-डोळे देवाने दिलेले, पण पगडी आणि लुगडे कोणीतरी विचार करून निवडलेले असते.

ही विद्या आपल्याकडे तशी लवकर आली. पॅरिसला तिची घोषणा झाली 1839 साली, आणि 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले जाणकार फोटोग्राफर. पण सामान्य माणसाने कॅमेऱ्यापुढे बसायला धजावे, याला पुढे बरीच वर्षे लागली. कॅमेरा माणसाचे आयुष्य ओढून घेतो अशी समजूत होती. सिनेमाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके फोटोग्राफीच्या धंद्यात होते. तेव्हा बडोद्याला त्यांना या समजुतीचा चांगलाच फटका बसल्याचे सांगतात. बायकांची अडचण आणखी निराळी. परपुरुषापुढे स्थिर नजरेने बसायचे कसे? आमचे वऱ्हाड ज्या निजामाचा कागदोपत्री मुलूख, त्याच्या हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी 1892 साली केवळ स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला, तो याच कारणाने.

फिलाडेल्फियाला 1885 साली निघालेला आनंदीबाई जोशी यांचा फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. एक मराठी, एक जपानी आणि एक सीरियातली अशा तीन विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. परमुलखात शिकणाऱ्या या मुलींना गाऊन काही दुर्मीळ नव्हता. तरीही फोटोला बसताना घरचाच वेष अंगावर आहे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मात्र फोटोची हौस आली ती कापसाच्या पैशाने आणि आगगाडीच्या रस्त्याने. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 65 या वर्षांत कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 पर्यंत गाडी नागपूरला पोचली. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्टेशने त्याच मार्गावर. जलंबहून खामगावचा फाटा 1870 साली सुरू झाला आणि खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची मोठी पेठ बनली. चांदीचा व्यापारही तिथलाच. ज्याचा कापूस बऱ्या भावाने गेला, त्याला घरच्यांसाठी काहीतरी करावेसे वाटणारच.

आता या निवडीतली खरी गोम सांगतो. त्या काळच्या काचेला सगळे रंग सारखे दिसत नसत. निळा रंग तिला इतका दिसे की निळे लुगडे फोटोत फिके, पांढरट उमटे. तांबडा मात्र तिला जवळजवळ दिसतच नसे. त्याचे काळे होई. पुढे काचा सुधारल्या, हिरवा-पिवळा त्यांना कळू लागला, पण तांबड्याशी वैर बराच काळ टिकले. म्हणजे बायकांनी पेटीतून हौसेने काढलेला लाल शालू आणि सुतकी काळे कापड, काचेच्या लेखी दोन्ही एकच.

आमच्या घरी असा एक फोटो आहे. मागे शाईने 1912 असे लिहिले आहे. कापूस विकला गेला होता, संक्रांत होऊन गेली होती, आणि चिखलीजवळच्या आमच्या गावाहून दोन दमण्या बोथ्याच्या घाटाने खाली खामगावला निघाल्या. आजीचे नुकतेच लग्न झालेले. ती लग्नाचा लाल शालू नेसणार हे ठरलेलेच. पणजीने संक्रांतीची नवी चंद्रकळा काढली, काळ्यावर तांबडे काठ. पणजोबांनी पगडी की फेटा यावर दोन दिवस घालवले आणि शेवटी पगडी बांधून वर एका स्नेह्याचा उसना काळा कोट घातला. हे सगळे आजी मोठ्या रंगात येऊन सांगे. पुढचे सांगताना मात्र तिचा आवाज खाली येई.

पणजोबांची थोरली बहीण, आक्का, बालविधवा. केशवपन झालेले, अंगावर तांबडे आलवण. घरातली सगळी मुले तिच्या हातची वाढलेली. नव्या सुनेच्या कौतुकाचा फोटो, त्यात आलवण कशाला, असे भाऊबंदांतल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. पणजोबा गप्प राहिले. तेव्हा एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी पणजी दाराआडून म्हणाली, ‘वन्सं नसतील, तर मीही बसणार नाही. पोरांना कोणी वाढवलं ते फोटोत नको का दिसायला?’ आक्का आली. स्टुडिओतल्या कोणी-कोणी बसलेल्या मखमली खुर्चीवर ती सोवळी बाई बसेना. बरोबर आणलेली धाबळी खाली अंथरून बसली आणि धाकट्याला मांडीवर घेतले.

काच धुऊन आली तेव्हा नवरीचा शालू काळा, चंद्रकळा काळी, तिचे तांबडे काठ नाहीसे, आणि आलवणही काळेच. ज्या रंगाने आक्काला उभ्या गावात वेगळे काढले होते, तो रंग काचेने ओळखलाच नाही. कपाळ तेवढे मोकळे राहिले.

पुढे 1950 नंतर कधीतरी चुलत्यांनी त्या फोटोची मोठी प्रत काढवून परगावच्या एका चित्रकाराकडे रंगवायला दिली. तेव्हा ती पद्धत होती. कोणाचे लुगडे कोणत्या रंगाचे ते लिहून द्यायचे असते, चुलते विसरले. चित्रकाराला तीन काळी लुगडी दिसली. त्याने नवरीला हिरवा शालू दिला, आणि मागे बसलेल्या पणजीला व खाली बसलेल्या आक्काला एकसारखे, जरीच्या काठांचे डाळिंबी लुगडे. हात लागलाच होता म्हणून तिघींच्याही कपाळी कुंकू रेखले.

आक्का जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती. घरात गहजब उडाला. फोटो परत पाठवा, कपाळ पुसून आणा, असे सगळे म्हणू लागले. आजीने तो हातात घेतला, पदराने काच पुसली, पुष्कळ वेळ पाहिला आणि खिळा कुठे ठोकायचा ते चुलत्यांना दाखवले.