उष्णतेचा हिशेब: ब्रिटनमधील हीट पंपांची मोजणी

फ्रिजच्या मागची जाळी हाताला कोमट लागते, कारण आतल्या पदार्थांतून काढलेली उष्णता तिथून बाहेर पडत असते. हेच यंत्र उलट्या हेतूने वापरले, म्हणजे बाहेरच्या थंड हवेतून किंवा नदीच्या पाण्यातून उष्णता ओढून ती घरात सोडली, तर तो झाला हीट पंप. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८५२ मध्येच ही कल्पना मांडली होती. १९४५ मध्ये जॉन समनर या अभियंत्याने नॉर्विच शहरात नदीच्या पाण्यावर चालणारा पंप उभारून एक मोठी इमारत उबदार ठेवली. त्यांनी खर्च झालेली वीज आणि मिळालेली उष्णता या दोहोंची नोंद ठेवली. विजेच्या एका एककामागे उष्णतेची तीनहून अधिक एकके मिळत होती.

पुढे उत्तर समुद्रातला स्वस्त गॅस आला आणि घरोघरी गॅसचे बॉयलर बसले. हीट पंपाची आठवण सरकारला झाली ती कार्बन उत्सर्जनाचा प्रश्न ऐरणीवर आल्यावर. २००८ च्या हवामान बदल कायद्याने नेमलेली स्वतंत्र समिती दरवर्षी संसदेपुढे प्रगतीचा अहवाल ठेवते. पण प्रगती मोजायची कशाने?

२०१० मध्ये ८३ पंपांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही पंप समनर यांच्या आकड्याजवळ पोचत होते, पुष्कळसे दुपटीच्या आसपासच रेंगाळत होते. दोष बहुधा यंत्राचा नव्हता; मांडणी चुकलेली असे किंवा नियंत्रणे घरच्यांना समजलेली नसत. एप्रिल २०१४ पासून सरकारने उष्णतेच्या एककामागे सात वर्षे पैसे देण्याची योजना आणली. कल्पना चांगली होती, पण बहुतेक घरांत मीटर न लावता अंदाजानेच उष्णता धरली गेली. पैसे उष्णतेचे आणि उष्णता कागदावरची!

नोव्हेंबर २०२० मध्ये लक्ष्य जाहीर झाले: २०२८ पर्यंत वर्षाला ६ लाख पंप. मे २०२२ पासून हवेवरच्या पंपाला ५,००० पौंड अनुदान मिळू लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ७,५०० झाले. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मार्च २०२४ मध्ये हिशेब मांडला. डिसेंबर २०२३ अखेर अनुदानातून ५०,००० पर्यंत पंप बसतील अशी सरकारची योजना होती. बसले सुमारे १८,९००. मात्र २०२२ या एकाच वर्षात देशात सुमारे ५५,००० पंप विकले गेले होते. दोन्ही आकडे खरे आहेत. नव्या बांधकामातल्या घरांना सहसा अनुदान मिळत नाही, म्हणून त्यांचे पंप पहिल्या आकड्यात येत नाहीत. आणि विकलेला पंप त्याच वर्षी बसतोच असेही नाही. यांपैकी कोणत्याच आकड्यावरून पंप किती उष्णता देतो हे मात्र कळत नाही.

वर्गात चक्रवाढीचे गणित शिकवताना हे आकडे उपयोगी पडतील. ५५,००० वरून सहा वर्षांत ६ लाखांवर जायला दरसाल सुमारे ४९ टक्के वाढ हवी होती. २०२४ मध्ये विक्री सुमारे ९८,००० झाली. तिथून उरलेल्या चार वर्षांसाठी हाच दर काढला, तर तो ५७ टक्क्यांवर जातो.