पत्र्याच्या जोडाची गोष्ट

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आमच्या घरावरची कौलं अंगणात आली. सुपारीची बाग आडवी झाली. पाऊस तोंडावर होता, कौलं मिळेनात, म्हणून बाबांनी मिळाले तसे पन्हळी पत्रे घालून घेतले. तेव्हापासून दर मे महिन्यात डांबराचा डबा, ब्रश, शिडी आणि बाबा छपरावर. जून लागला की माजघरात पुन्हा तीच टिपटिप, पत्र्यांच्या जोडाखाली. तिसऱ्या वर्षी शिडी सरकली आणि बाबांचं मनगट मोडलं.

मग मी या पत्र्याच्या मागेच लागलो. हा आला कुठून, आणि याचा जोड नेमका गळतो का?

एक कागद घ्या, दोन टोकांवर टेकवा. मधोमध खचेल. आता त्यालाच पंख्यासारख्या घड्या घाला. तोच कागद मोबाइलचं वजन पेलेल. लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री रॉबिन्सन पामर या इंजिनिअरने हेच लोखंडाच्या बाबतीत केलं आणि १८२९ साली पन्हळी पत्र्याचं पेटंट घेतलं. गोदीला कमी खांबांवर उभी राहणारी मोठी, हलकी छपरं हवी होती. अडचण गंजाची होती. १८३७ साली फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याचं पेटंट घेतलं. पामरच्या पेटंटची १४ वर्षं १८४३ मध्ये संपली, कुणालाही पत्रा बनवायला मोकळीक मिळाली, आणि पत्रा जगभर निघाला. कॅलिफोर्नियात १८४९ मध्ये सोन्यासाठी धावलेल्या लोकांमागोमाग जहाजांतून लोखंडी घरंही गेली. पुढे ऑस्ट्रेलियात तर पत्र्याचं छप्पर ही देशाची ओळखच झाली.

पन्हळीने ताकद दिली, तशी पत्रे जोडण्याची सोयही दिली. शेजारच्या पत्र्याची लाट या पत्र्याच्या लाटेवर बसते, पाणी खालच्या खोलगट भागातून वाहून जातं. कागदावर हे अगदी बिनचूक आहे. पण पाणी फक्त खाली जात नाही, अरुंद फटीत ते वरही चढतं. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत ते जवळजवळ तीन सेंटिमीटर चढू शकतं, आणि नेहमीच्या पत्र्याची लाट असते साधारण पाऊण इंच, म्हणजे दोन सेंटिमीटरही नाही. म्हणजे एकाच लाटेचा जोड दिला तर पाणी ती लाट ओलांडून घरात येऊ शकतं. जुने कारागीर हे गणित न मांडता दीड लाट चढवायचे. आजच्या काही पत्र्यांच्या कडेला मुद्दाम एक बारीक खाच असते. तिथे फट एकदम रुंद होते आणि पाण्याचं चढणं थांबतं.

मग जोड भरायचा कशाने? लोखंडाच्या जोडांसाठी एकोणिसाव्या शतकात शेंदूर आणि अळशीच्या तेलाची लुकण वापरत. हो, शिशापासून बनणारा तोच शेंदूर. ती लुकण वाळून दगड व्हायची, आणि पत्रा तर एका जागी राहत नाही. सहा मीटरचा पोलादी पत्रा तापमानात ४० अंशांचा फरक पडला की जवळजवळ तीन मिलिमीटर लांबतो. दुपारी लांबायचं, रात्री आखडायचं. कडक झालेलं काहीही यात तडकतं, मग ती लुकण असो, सिमेंट असो की उन्हात वाळलेलं डांबर. म्हणून आता ब्युटिल रबराची मऊ पट्टी वापरतात. ती दोन पत्र्यांच्या मध्ये, स्क्रू आवळण्याआधी घालायची असते, म्हणजे दाबली जाऊन ती फट भरते आणि पत्र्याबरोबर हलते. वरून कडेला काही फासलं तर आत शिरलेलं पाणी आतच कोंडतं, जस्तावर पांढरी भुकटी धरते आणि पत्रा जोडातूनच सडायला लागतो. बाबा तीन वर्षं नेमकं हेच करत होते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तालुक्यातून एक म्हातारे पत्रेवाले काका आले. त्यांनी डांबराकडे पाहिलंही नाही. आधी विचारलं, "वारा कुठून येतो तुमच्याकडं?" पश्चिमेकडून, समुद्रावरून. "मग जोडाची तोंडं पश्चिमेला का ठेवलीत?"

आमच्या घराचं आढं पूर्व-पश्चिम आहे. त्या घाईत पत्र्यांचा टेम्पो पश्चिमेच्या रस्त्यावर उभा होता, म्हणून काम तिथूनच सुरू झालं आणि प्रत्येक नवा पत्रा आधीच्या पत्र्यावर चढत पूर्वेला गेला. वरच्या पत्र्याची उघडी कड वाऱ्याकडे. शिवाय पत्रे पुरवायला जोड एकाच लाटेचा. पावसाला आम्हीच दार उघडून दिलं होतं.

काकांनी सगळे पत्रे उतरवले आणि पूर्वेकडून सुरुवात करून पुन्हा घातले. दीड लाटेचा जोड, आत पट्टी, स्क्रू लाटेच्या माथ्यावर. पाच पत्रे जास्तीचे लागले. बाबा प्लास्टर निघालेलं, अजून नीट न वळणारं मनगट चोळत खाली उभे होते. म्हणाले, "आपली कौलं तरी कुठं चिकटवली होती कधी? नुसती एकावर एक ठेवलेली. आजोबा दरवर्षी शाकारणी करायचे, तेव्हा वाऱ्याची बाजू आधी बघायचे. मला ते ठाऊक होतं रे. पत्रा आहे म्हटल्यावर विसरलो."

त्या जूनमध्ये पहिली मोठी सर रात्री आली. सवयीने आईने माजघरात पातेलं ठेवलं होतं. सकाळी ते कोरडं होतं. तिने त्यात चहाचं आधण ठेवलं.