दम्याची भाषा: ‘दम’ ते ‘नियंत्रण’

‘दमा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. फारसीत ‘दम’ म्हणजे श्वास. जिना चढून आपल्याला लागतो, तोच हा दम. ग्रीक ‘अस्थमा’चाही मूळ अर्थ धाप लागणे असाच आहे, आणि चरकसंहिता या रोगाला ‘तमक श्वास’ म्हणते. म्हणजे आजाराला नाव मिळाले ते झटक्यावरून. झटका ओसरला की आजार गेला, असे आजही अनेक घरांत समजले जाते.

जुन्या हकिमांची दृष्टी मात्र झटक्यापलीकडे जात होती. मुसा इब्न मैमून हे इजिप्तमध्ये अय्युबी दरबारात वैद्यकी करणारे ज्यू विद्वान. सुमारे ११९० साली त्यांनी एका उमराव रुग्णासाठी दम्यावर अरबीत तेरा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. त्यात आहार, झोप आणि हवा यांवर मोठा भर आहे. या रोगावर जादूचा उपाय नाही, असेही ते बजावतात. १६९८ मध्ये जॉन फ्लॉयर या इंग्रज डॉक्टरांनी, जे स्वतः दमेकरी होते, अधूनमधून येणारा आणि सतत राहणारा दमा असा भेद केला.

आजच्या केसपेपरवरचे शब्द याच वाटेने आले आहेत. ‘स्टेटस अस्थमॅटिकस’ म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा जीवघेणा झटका. अशा वेळी थेट रुग्णालय गाठायचे. पूर्वी दम्याची वर्गवारी मुख्यतः तीव्रतेवर होत असे. २००६ मध्ये ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’च्या मार्गदर्शक सूचनांनी ‘नियंत्रण’ मध्यभागी आणले. गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनदांहून जास्त झाला का? रात्री झोपमोड झाली का? तात्पुरत्या आरामाचा पंप दोनदांहून जास्त लागला का? कामे अडली का? चारही उत्तरे ‘नाही’ असतील तर दमा नियंत्रित. एक-दोन ‘हो’ असतील तर अंशतः नियंत्रित. त्याहून जास्त असतील तर अनियंत्रित.

‘तीव्रता’ वेगळी. दमा ताब्यात ठेवायला किती औषध लागते, त्यावरून ती आता ठरते. म्हणून तीव्र दमाही नियंत्रित असू शकतो, आणि ‘सौम्य’ म्हटलेला दमाही एखाद्या रात्री जीव घेऊ शकतो. डॉक्टर ‘नियंत्रित’ म्हणाले की अनेकजण पंप कपाटात ठेवून देतात. त्या शब्दाचा अर्थ ‘बरा झाला’ असा नाही. ‘औषध काम करते आहे’ एवढाच आहे.